पाडवा, लॉकडाऊन आणि आमची वॅगन आर

आमच्या घरी पाडव्याला दोन गुढ्या असतात, असे मी गमतीने म्हणते. एक गच्चीवर आणि दुसरी पोर्चमध्ये. पोर्चमधली म्हणजे आमची पांढरी वॅगन आर. गच्चीवरच्या गुढीला जशी साखरेची गाठी, तशीच एक छोटी गाठी बाबा गाडीच्या आरशाला बांधतात. बाबा म्हणजे माझे सासरे. बँकेतून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी ही गाडी घेतली. त्यानंतर घरातल्या कोणाच्याही तब्येतीची नोंद राहिली नसेल, पण गाडीची राहिली. निळ्या कव्हरची एक वही आहे. त्यात तारीख, किलोमीटर, किती ऑइल भरले, कोणते चाक कुठे बदलले, सगळे बारीक अक्षरात लिहिलेले.

बाबांचा वसंत ऋतू कॅलेंडरप्रमाणे नाही, गाडीप्रमाणे चालतो. रंगपंचमीची गेर झाली की दुसऱ्या दिवशी गाडीवर उडालेला रंग धुवायचा. मग पाडव्याच्या आधी उस्तादांकडे सर्व्हिसिंग. ऑइल, कूलंट, ब्रेक, एसी, वायपर, बॅटरी. त्यांचे म्हणणे, "माळव्यातला उन्हाळा चाळीसच्या पुढे गेला की माणूस ओरडून सांगतो, गाडी सांगत नाही. ती एकदम रस्त्यात बसते." उस्ताद म्हणजे आमचे मेकॅनिक. त्यांचे नाव आम्ही क्वचितच घेतो. बाबांसाठी ते उस्ताद आणि त्यांच्यासाठी बाबा 'बाबूजी'.

२०२० साली मात्र सगळेच बिघडले. राजवाड्याची गेर रद्द झाली, तेव्हा पहिल्यांदा वाटले की हे काहीतरी वेगळे आहे. इंदूरात गेर निघत नाही म्हणजे काय! २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी थाळ्या वाजल्या. बाबांनी उस्तादांकडे पाडव्याच्या आदल्या दिवसाची वेळ ठरवली होती, पण तोवर बाजार बंद झाले होते. त्याच रात्री आठ वाजता टीव्हीवर २१ दिवसांची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी, २५ मार्चला, पाडवा. गुढी उभारली. श्रीखंड घरच्याच चक्क्याचे केले. आरशाला गाठी बांधताना बाबा म्हणाले, "यंदा सर्व्हिसिंगशिवाय पूजा. हे काही बरे नाही." त्यांनी वहीत लिहिले, 'पाडवा. गाडी उभी.'

आमचे हे कंपनीच्या कामासाठी पुण्याला गेलेले, तिथेच अडकले. घरी आई-बाबा, मी आणि अकरावीतला मुलगा.

त्या दिवसांतले इंदूर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिरवणारे आपण एकदम कोरोनाच्या बातम्यांत सर्वांत वर जाऊन बसलो. ३० मार्चपासून तर बंद आणखी कडक झाला. सकाळी कचरागाडीचे गाणे ऐकू आले की बरे वाटायचे, शहर अजून चालू आहे याची तेवढीच खूण. आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाने त्याच सुमारास पाने टाकली, मग मोहोर धरला. पोर्चमधल्या गाडीवर आधी पिवळी पाने आणि मग बारीक पांढरी फुले यांचा थर बसू लागला.

बाबा रोज सकाळी चहा झाला की खाली यायचे. मी गाडीवर फडके मारायची आणि ते गाडी सुरू करून दोन मिनिटे चालू ठेवायचे. "इंजिन जागे राहिले पाहिजे," म्हणायचे. दोन मिनिटे झाली की बंद. मलाही ते बरोबर वाटायचे. गल्लीतले सगळेच तसे करत होते. सकाळी साडेसातला एकेका पोर्चमधून घरघर ऐकू यायची आणि थांबायची, जणू गाड्याही एकमेकींना 'कशी आहेस' विचारत होत्या.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. संध्याकाळी मुलगा गाडीची चावी घेऊन तासभर गाडीत जाऊन बसायचा. गाणी लावायचा, मोबाइल चार्जिंगला लावायचा, मित्रांशी बोलायचा. दोन खोल्या आणि हॉलच्या घरात चार माणसे दिवसरात्र. त्याला दार लावून बसता येईल अशी ती एकच जागा होती. आता विचार केला की त्याचा राग येत नाही.

अजून एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती सांगताना मान खाली जाते. त्या एप्रिलमध्ये आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर काय काय फिरत होते ते आठवा. कोणाकडून भाजी घ्यावी, कोणाकडून घेऊ नये, कोणत्या वस्तीतल्या माणसाला गल्लीत येऊ देऊ नये. उस्तादांची वस्ती त्या यादीत होती. तिथे रुग्ण निघाले होते आणि रस्ते पत्रे लावून बंद केले होते. एक दिवस तसलाच एक संदेश आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि पाठवणारे बाबा होते. मी वाचला. काही बोलले नाही. घरात वाद नको, एवढेच तेव्हा मनात होते.

अक्षय्य तृतीयेच्या दोन-तीन दिवस आधीची रात्र. पावणेदोन वाजता आईंनी मला हाक मारली. बाबा पलंगावर बसलेले, बनियन घामाने भिजलेले, छातीवर हात. "गॅसेस आहेत," म्हणत होते, पण आवाज नेहमीचा नव्हता. आमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एक गोळी चघळायला द्यायला सांगितली आणि म्हणाले, "थांबू नका, लगेच हॉस्पिटलला न्या." रुग्णवाहिकेला फोन लावला, तर सगळ्या बाहेर गेलेल्या, वेळ लागेल असे उत्तर मिळाले.

मी चावी घेतली आणि खाली आले. माझ्याकडे लायसन्स होते, पण रोजची सवय ॲक्टिव्हाची. ही गाडी मी दोन वर्षांत चालवली नव्हती, कारण बाबा कोणाला हातच लावू द्यायचे नाहीत. चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्-टक्-टक्, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत होत विझले.

त्या आवाजाने पोटात जो गोळा आला तो मी आजही विसरलेले नाही. एक महिना रोज फडके मारलेली, रोज दोन मिनिटे 'जागी' ठेवलेली, साखरेची गाठी बांधलेली गाडी, आणि जेव्हा खरी गरज होती तेव्हा गप्प.

वर खिडकीतून बाबांचा आवाज आला, "उस्तादला फोन लाव."

रात्रीचे दोन. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. मी काय बोलले आठवत नाही. ते म्हणाले, "भाभीजी, रोइए मत. फोन स्पीकर पे डालिए. बाजू में किसी के पास गाड़ी है?"

समोरचे काका तोवर आवाजाने गॅलरीत आले होते. त्यांच्याकडे जंपर केबलही निघाली. त्यांनी आपली गाडी आमच्या गाडीच्या तोंडासमोर आणून लावली, केबल बॉनेटवर ठेवली आणि मास्क सारखा करत चार पावले मागे जाऊन उभे राहिले. बाबांना काय झाले आहे हे कोणालाच माहीत नव्हते आणि काकांच्या घरी त्यांच्या नव्वदीच्या आई होत्या. माझ्या गाडीतून चला, असे ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारले नाही. त्यांना दोष देत नाही. तो काळच तसा होता.

मुलाने मोबाइलचा टॉर्च धरला. उस्ताद सांगत गेले आणि मी करत गेले. "दोनों गाड़ी बंद. आपस में टच नहीं होनी चाहिए. लाल वाली पहले अपनी बैटरी के प्लस पे. दूसरा सिरा उनकी बैटरी के प्लस पे. अब काली, उनकी बैटरी के माइनस पे. और काली का आख़िरी सिरा अपनी बैटरी पे नहीं, इंजन के किसी नंगे लोहे पे, बैटरी से दूर." मी विचारले का. "चिंगारी निकलती है, भाभीजी. बैटरी के पास गैस रहती है. बाद में समझाऊँगा, अभी उनसे बोलिए गाड़ी स्टार्ट करें."

काकांनी गाडी सुरू केली. उस्तादांनी पाच मिनिटे थांबायला लावले. ती पाच मिनिटे मी आयुष्यात विसरणार नाही. मग म्हणाले, "अब सेल्फ मारिए." गाडी एक आळस दिल्यासारखी कुरकुरली आणि सुरू झाली. केबल उलट क्रमाने काढायला सांगून ते म्हणाले, "अब कहीं भी बंद मत करना. और फ़ोन चालू रखना."

बाबांना मागच्या सीटवर आईंच्या मांडीवर टेकवले. मुलगा माझ्या शेजारी. इंदूरचे रस्ते मी इतके रिकामे कधी पाहिले नव्हते. चौराह्यावर पोलिसांनी थांबवले, मागे बाबांना पाहिले आणि बॅरिकेड सरकवले. त्या दिवसांत शहरातली हॉस्पिटले लाल, पिवळी आणि हिरवी अशी वाटून दिलेली होती. कोरोनाची वेगळी, संशयितांची वेगळी, बाकी आजारांची वेगळी. पहिल्या ठिकाणी गेटवरूनच परत पाठवले. त्या गेटसमोर मी गाडी बंद केली असती तर काय झाले असते, हा विचार नंतर कित्येक रात्री आला. दुसऱ्या ठिकाणी घेतले. ईसीजी झाला, हृदयाचेच दुखणे निघाले. दोन दिवसांनी स्टेंट बसवला. "वेळेत आणलेत," डॉक्टर म्हणाले.

बाबा घरी आले आणि चार दिवसांनी उस्तादांचा व्हिडिओ कॉल आला. आधी बाबांची चौकशी झाली, मग म्हणाले, "बाबूजी, अब गाड़ी का पोस्टमॉर्टम करते हैं." मुलगा बॉनेट उघडून उभा राहिला आणि त्या अर्ध्या तासात आम्हाला जे कळले ते तुम्हा सगळ्यांना सांगावे म्हणून खरे तर हा लेख लिहायला घेतला.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ती रोजची दोन मिनिटे. गाडी सुरू करताना स्टार्टर मोटर बॅटरीतून एकदम खूप करंट ओढते. तो परत भरायला इंजिन काही वेळ चालावे लागते आणि नुसत्या उभ्या, संथ चालणाऱ्या इंजिनावर चार्जिंग हळू होते. म्हणजे रोज आपण जेवढे काढत होतो, तेवढे परत टाकत नव्हतो. इंजिन नीट तापतही नाही, त्यामुळे त्यात तयार झालेला ओलावाही उडून जात नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे चालवावी, जमले तर चक्कर मारून. चक्कर शक्य नसेल तर तेवढा वेळ सुरू ठेवावी, पण उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये कधीच नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कळत नाही आणि जीव घेतो. आणि महिनाभर गाडी हलणारच नसेल तर बॅटरीची मायनसची तार सोडून ठेवणे सगळ्यांत सोपे. गाडी बंद असली तरी घड्याळ, लॉक, म्युझिक सिस्टिम थोडी थोडी वीज खातच असतात.

इथे मुलाने खाली मान घालून संध्याकाळच्या गाण्यांची कबुली दिली. मला वाटले आता बाबा चिडणार. त्यांनी वही मागवली. बॅटरी घेतल्याची नोंद २०१६ च्या दिवाळीची होती. म्हणाले, "साडेतीन वर्षे झाली. आपल्याकडच्या उन्हात बॅटरीचे वय संपतच आले होते. यंदा तपासायची होती, राहिली. एकट्या त्याची चूक नाही, आपल्या तिघांची आहे."

बाकीच्या गोष्टीही उस्तादांनी एकेक करून दाखवल्या. बराच काळ उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवू नये, ब्रेक चिकटतात. सपाट जागा असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना विटा लावाव्यात. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा हात पुढे-मागे सरकवावी, म्हणजे टायरच्या एकाच भागावर भार राहत नाही. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते, ते वाचावे आणि टायर थंड असताना मोजावी. ऑइलची पट्टी पुसून, पुन्हा घालून, मग पाहावी. कूलंटचे झाकण गरम इंजिनावर उघडू नये, वाफ तोंडावर येते. पेट्रोलची टाकी रिकामी ठेवू नये. बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून पाहावे, कारण उभी गाडी म्हणजे उंदरांना बांधून दिलेले घर. आमच्याकडे एअर फिल्टरजवळ कडुनिंबाच्या काड्यांचे अर्धे घरटे सापडलेच!

त्या काड्यांवरून आणखी एक. समोरच्या काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी जी जाळी असते, तिथे वसंतातली सगळी पानगळ जाऊन बसते. आपण काच पुसतो, ती जाळी पाहत नाही. खालची भोके बुजतात आणि पावसाळ्यात पाणी थेट पायाखाली येते. मुलाने तिथून मूठमूठभर फुले आणि पाने काढली.

त्या दिवसांत आम्ही गाडीच्या स्टेअरिंगवर, डॅशबोर्डवर सॅनिटायझरही चोळत होतो. उस्तादांनी त्यालाही नको म्हटले. त्याने प्लास्टिक आणि रेक्झिन खराब होते. साबणाच्या पाण्यात पिळलेले फडके पुरे. आणि सॅनिटायझरची बाटली उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, त्यात अल्कोहोल असते.

कॉल संपताना बाबांनी विचारले, "उस्ताद, आपका कैसा चल रहा है?" ते हसले. "बाबूजी, शटर तो महीने भर से बंद है. लड़के गाँव चले गए. अल्लाह मालिक है." एवढेच. रात्री दोन वाजता फोन पहिल्या रिंगला कसा उचलला, हे तेव्हा मला कळले. त्या वस्तीत झोप कोणाला होती?

बाबांनी कधी मोबाइलवरून पैसे पाठवले नव्हते. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाचा त्यावर विश्वास नव्हता. त्या दुपारी त्यांनी नातवाला शेजारी बसवले आणि उस्तादांच्या मुलाच्या नंबरवर वर्षभराच्या सर्व्हिसिंगचे पैसे आगाऊ पाठवले. उस्ताद नाही नाही म्हणत होते. बाबा म्हणाले, "मदद नहीं है. एडवांस है. काम करके देना पड़ेगा." वहीत नोंद केली: 'सर्व्हिस, आगाऊ.' गल्लीतल्या आणखी दोन-तीन जणांनीही आपापल्या मेकॅनिकला तसे पैसे पाठवले. समोरच्या काकांनी तर सगळ्यांत आधी.

नातेवाइकांच्या ग्रुपवरचा तो संदेश नंतर मला दिसला नाही. पण इतक्या दिवसांनी तो सगळ्यांच्या फोनवरून पुसता येत नव्हता. काही दिवसांनी बाबांनी ग्रुपवर एक फोटो टाकला, जंपर केबल कशी लावायची त्याचा, आणि खाली लिहिले, 'हे मला ज्यांनी शिकवले त्यांच्यामुळे मी आज तुमच्याशी बोलतो आहे. त्यांची वस्ती कोणती ते मागच्या महिन्यात मीच इथे लिहिले होते.' बराच वेळ कोणी काही उत्तर दिले नाही. मग एकाने हात जोडल्याची खूण पाठवली.

बाबांच्या लायसन्सची मुदतही त्याच एप्रिलमध्ये संपत होती. केंद्र सरकारने १ फेब्रुवारीनंतर मुदत संपलेल्या लायसन्सला आणि गाडीच्या कागदांना आधी ३० जूनपर्यंत सवलत दिली, मग ती तारीख पुढे पुढे जात राहिली. शेवटी सवलत संपली तेव्हा मी विचारले, "बाबा, अर्ज भरू का?" म्हणाले, "नको. त्या रात्री तू बरी चालवलीस. फक्त तिसऱ्या गिअरमध्ये उगाच जास्त वेळ राहिलीस." छातीत कळा येत असतानाही माणूस गिअर मोजत होता!

२०२१ चा पाडवाही बंदमध्येच गेला. मग २०२२ चा आला, २ एप्रिलचा. गेर पुन्हा निघाली होती, गाडीवर पुन्हा रंग उडाला होता. यावेळी गाडी उस्तादांकडे नेली नाही. बाबांनी त्यांनाच घरी बोलावले. त्यांनी पोर्चमध्ये बॉनेट उघडले, मुलगा पाना घेऊन शेजारी. काम झाल्यावर आईंनी श्रीखंड-पुरीचे ताट आणले. उस्ताद हात धुऊन ओट्यावर बसले. "अच्छा हुआ बाबूजी, आज बुला लिया. आज चाँद दिख गया तो कल से रोज़े."

बाबांनी वही उघडली, पण पेन नातवाच्या हातात दिले. त्याने तारीख घातली, किलोमीटर लिहिले, बॅटरीचे व्होल्टेज लिहिले. मग विचारले, "बाबा, खर्च किती लिहू?"

बाबांनी उस्तादांकडे पाहिले. उस्ताद पुरीचा घास घेत म्हणाले, "लिखो, एडवांस में से कटा."